पेढ्यानंतरची वर्षं

दहावीच्या बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, तेव्हाचे पेपरातले फोटो आठवा. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने वडील पेढा भरवतायत आणि मधला चष्मेवाला मुलगा तोंड उघडावं की हसावं या पेचात. ती यादी बोर्डाने केव्हाच बंद केली. पण फोटोतली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतल्या काहींनी या अंकात लिहिलंय.

सगळ्यांचंच गाडं अडलं असं नाही. ज्यांचं अडलं, त्यांचं बहुधा बारावीत किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी. तोवर एका वाचनात धडा डोक्यात बसायचा. न जमणारी गोष्ट पुन्हापुन्हा करून पाहायची सवयच नव्हती. ‘आमचा हुशार आहे हो’ हे इतक्यांदा ऐकलेलं, की वर्गात शंका विचारणं म्हणजे अब्रू जाणं. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे पाचवीतल्या अमेरिकन मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांत अडल्यावर, मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपेक्षा लवकर नाउमेद झाली. शिवाय त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपले गुण चक्क वाढवून सांगितले! मला हे जास्त लागलं.

लेखांत रडगाणं नाही. एक लेखिका एवढंच नोंदवते, की गावी भेटणारे काका-मावशी अजूनही आधी तिचे दहावीचे टक्के सांगतात आणि मग विचारतात, ‘सध्या काय करतेस गं?’