माशांवरील व्रण आणि तळ्याचें पाणी

पिकांसाठीं शेततळें खणावें आणि त्याच पाण्यांत कटला, रोहू, मृगळ पाळून चार पैसे अधिक मिळवावे, हा विचार महाराष्ट्रांतील पुष्कळ शेतकरी बंधूंस पटला आहे. परंतु माशांच्या अंगावर तांबडे डाग व व्रण दिसूं लागले, कीं बहुतेकांचे पाय प्रथम औषधाच्या दुकानाकडे वळतात. ही वाट उलटी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एरोमोनास हायड्रोफिला नांवाचा जंतु गोड्या पाण्यांत एरव्हींही असतोच. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर व कातडी त्यास आंत शिरूं देत नाहींत. पण तळ्यांत दाटी झाली, प्राणवायु कमी पडला, विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून अमोनिया वाढला, किंवा जाळ्यानें खवले निघाले, म्हणजे माशाची शक्ति खचते व जंतूस वाट मिळते. त्याच्या विषानें पेशींच्या आवरणास छिद्रें पडतात, रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व मांस विरघळूं लागतें. रक्तावाटे तो यकृत व मूत्रपिंडापर्यंत पोंचतो. माशाचें रक्त मुख्यतः मूत्रपिंडांतच तयार होतें. तें नासलें, कीं शरीरांत पाणी साचतें, पोट फुगतें व खवले उभे राहतात. त्या अवस्थेंतील मासा क्वचितच वांचतो. तात्पर्य, बाहेरून व्रण दिसेपर्यंत पुष्कळदां आंतील नाश बराच झालेला असतो.

आतां औषधाचें पाहूं. प्रतिजैविक औषध बहुधा खाद्यांतून द्यावें लागतें. आणि आजारी मासा तर खाणेंच सोडतो! मग तें निरोगी माशाच्या पोटांत व तळ्याच्या पाण्यांत जातें. तेथील जंतु त्यास सरावतात, आणि पुढें माणसांच्या दुखण्यांतही तें निरुपयोगी ठरण्याचें भय आहे. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान वर्गांतील औषधें मत्स्यपालनांत वापरण्यास आपल्या देशांत बंदी आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. शिवाय प्रत्येक व्रण जंतूंपासूनच होतो असें नाहीं. १९८८ सालीं ईशान्य भारतांत शिरून देशभर पसरलेल्या व्रणरोगाचें मूळ अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा जीव आहे. जंतु त्या जखमेंत मागाहून शिरतात. तेथें जंतूंवरचें औषध कितीही दिलें तरी मूळ रोग हटत नाहीं.

कोणी म्हणेल, 'उन्हाळ्यांत पीक जगवावें कीं मासे?' प्रश्न रास्त आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं पाणी उपसण्याआधीं मोठे मासे काढून विकावे. अर्ध्या पाण्यांत पूर्ण तळ्याचे मासे कोंडणें म्हणजे रोगास आमंत्रण देणें होय. मत्स्यबीज बेतानें सोडावें. पेंड व कोंडा मासे खातील तेवढाच घालावा. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडूं लागले, तर खाद्य थांबवून ताजें पाणी घ्यावें. मेलेला मासा त्याच दिवशीं काढून चुना टाकून पुरावा, आणि एका तळ्याचें जाळें उन्हांत वाळविल्यावांचून दुसऱ्या तळ्यांत टाकूं नये.

इतकें करूनही व्रण दिसलेच, तर सडलेला मासा न नेतां, आजारी पण जिवंत असलेले दोनचार मासे त्याच तळ्याच्या पाण्यांत घालून परीक्षेस न्यावे. जंतु ओळखल्यावर जाणकारानें औषध सांगितलें, तर तें ठरलेल्या मात्रेंत द्यावें, आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत मासा बाजारांत नेऊं नये.

गोठ्यांत शेण साचूं द्यावयाचें आणि गाईच्या खुरांस मात्र मलम चोळीत बसावयाचें, असें कोणताही शहाणा शेतकरी करीत नाहीं. तळें हा माशांचा गोठाच आहे. औषधापूर्वीं तो स्वच्छ व ऐसपैस राखणें, हेंच धन्याचें पहिलें काम होय.