मॉक टेस्टचा रतीब

'रोज एक मॉक दे, स्पीड आपोआप वाढेल.' क्लॅट देऊन कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाऊ पाहणाऱ्या मुलांना क्लासवाले हाच मंत्र देतात. माझा त्याला विरोध आहे. दर तासाला थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही, तसे नुसत्या मोजण्याने गुणही वाढत नाहीत.

परीक्षेचं गणितच बघा. १२० मिनिटांत १२० प्रश्न. बरोबर उत्तराला १ गुण, चुकलं तर पाव गुण वजा. एकाने १०० प्रश्न सोडवले आणि ७० बरोबर आले, तर त्याच्या हाती ६२.५ गुण राहतात. दुसऱ्याने ८५च सोडवले, पण ७२ बरोबर आले, तर त्याला ६८.७५ मिळतात. म्हणजे कमी धावणारा पुढे गेला. तरी क्लासमध्ये पहिला प्रश्न असतो, 'किती अटेम्प्ट केलेस?'

मी मुलांना वेगळं सांगतो. आठवड्याला एकच पेपर वेळ लावून सोडवा. उत्तरतालिका उघडण्याआधी तोच पेपर दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. मग दोन्ही गुण शेजारी ठेवा. वेळ लावून ५५ आणि निवांत ९० येत असतील, तर अडचण वेगाची आहे; उतारे कोणत्या क्रमाने घ्यायचे, कुठे थांबायचं, कोणता प्रश्न सोडायचा हे शिका. पण निवांत बसूनही ६० येत असतील, तर घड्याळाचा काय दोष? तिथे वाचनच कच्चं आहे. त्यावर आणखी वीस मॉक दिले, तर त्याच चुका वीस वेळा पक्क्या होतील.

चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा. उताऱ्यातला 'परंतु' निसटला? नियम कळला, पण घटनेला लावता आला नाही? की उताऱ्यात दिलेला नियम सोडून आपल्याला माहीत असलेला कायदा वापरला? कायदेविषयक तर्काच्या भागात हुशार मुलं या शेवटच्या चुकीनेच गुण घालवतात.

'परीक्षेत घड्याळ असतंच ना?' असतं. म्हणून शेवटचे दीड-दोन महिने वेळ लावूनच सराव करावा. पण पाया भरायच्या आत छत टाकू नये.

याचा फटका कोणाला बसतो, हेही बोललं पाहिजे. क्लॅट इंग्रजीतच होते. आपल्या राज्याची विधी सीईटी निदान मराठीतूनही देता येते. बीडच्या मराठी शाळेतली किंवा मालेगावच्या उर्दू शाळेतली मुलगी ४५० शब्दांचा इंग्रजी उतारा सावकाश वाचते, कारण तशी सवय तिला कोणी लावलीच नाही. क्लास तिला 'स्लो' ठरवतो आणि आणखी एक टेस्ट सिरीज विकतो. तिला हवंय ते रोज एक इंग्रजी अग्रलेख आणि त्यावर चर्चा करणारं माणूस. हे काम कष्टाचं आहे, त्याचं पॅकेज करता येत नाही.

पालकहो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा: मॉक किती घेणार ते राहू द्या, चुकलेला पेपर माझ्या मुलीसोबत बसून कोण तपासणार?