भंगारवाला काय घेत नाही

२०२१च्या जुलैत महाडवर आलेला पूर कुणी दुधाच्या पिशव्या धुऊन जपल्यानं टळला नसता. २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री नदी ते पाणी पोलादपूरवरून घेऊन खाली आली, इकडे गांधारी नदीही फुगली आणि बाजारपेठ बुडाली. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, फ्रिज, दुकानांतला भिजका माल असे चिखलाचे ढीग रस्त्यावर आले. मदतीच्या गाड्यांतून बाटलीबंद पाणी आलं (तेव्हा दुसरा इलाजही नव्हता). एवढ्या पसाऱ्यापुढे एका पिशवीची किंमत ती काय? ती ठरते भंगारवाल्याच्या काट्यावर. तो रद्दी, पत्रा, रिकामी बाटली घेतो. ॲल्युमिनियमचं फुटकं पातेलं तर खुशीनं, कारण ते वितळवायला नव्या धातूच्या मानानं जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र तो बाजूला सारतो, एकमेकांना चिकटलेले थर सोडवणं परवडत नाही म्हणून. २०१८च्या राज्यव्यापी प्लास्टिकबंदीनंही कारखान्यातल्या वेष्टनाला सूटच दिली. तेव्हा असं पाकीट धुऊन वाळवण्यात अर्थ नाही. ते न घेण्यात आहे. आणि पिशव्या जपून दर दिवाळीला नवा मोबाईल घेणाऱ्या घरापेक्षा, पुरात भिजलेल्या मिक्सरची मोटर भरून घेऊन तोच पुन्हा वापरणारं घर कितीतरी कमी कचरा करतं, मग त्यानं एकही पिशवी धुतलेली नसली तरी.