एक ना धड…

फिल्मच्या कॅमेऱ्याला सर्व कामांना पुरेल असे एकच भिंग असावे, या मोहाला मीही बळी पडलो. मोह जुनाच आहे. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी पहिले झूम भिंग, फोक्टलेंडरचे ‘झूमार’, १९५९ साली आले. त्याचा आवाका ३६ ते ८२ मिमी. मी जुन्या बाजारातून ३५-१०५ घेतले. दुकानात डोळ्याला लावले मात्र, समोरच्या गच्चीवरची लोणच्याची बरणी हाताशी आली! पन्नासचे जुने भिंग कपाटात गेले.

दिवाळीच्या पहाटे आई देवघरात समईची वात सारीत होती. दारातूनच मी भिंग १०५ वर नेले. पण तिथे त्याचे छिद्र ४.५ पलीकडे उघडेना. पन्नासचे १.८ पर्यंत उघडते. म्हणजे प्रकाश सहापट. शिवाय १०५ वर हात स्थिर राहायला १/१२५ सेकंदाचा वेग हवा. मी १/१५ वर फोटो काढला. फिल्म धुऊन आली. समई, आई, देव, सारेच हललेले.

पुढच्या दिवाळीला देवघर होते, आई नव्हती.

आता कुणी विचारले तर सांगतो : झूम खुशाल घ्या, पण उन्हासाठी आणि प्रवासासाठी. ३५-७० पुरे, उरलेले अंतर चार पावले चालून जावे. घेण्यापूर्वी उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना, ते पाहावे. आणि पन्नासचे भिंग कपाटात ठेवू नये. घरातल्या माणसांसाठी तेच लागते.