लोणारला चाललात? आधी 'हाव' शिका!

किनारा म्हटलं की आपली गाडी थेट कोकणात. पण बॉस, खारं पाणी आमच्या बुलडाण्यातही आहे! लोणार. उल्केच्या धडकेने काळ्या बसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आणि तळाशी सरोवर. जून 2020मध्ये खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर तेच फोटो होते.

सो, बॅग भरण्याआधी थोडी वऱ्हाडी. 'मले पाणी पायजे' कळलंच असेल. 'काऊन?' म्हणजे का? कोणी दरडावत नाहीये, आपुलकीने विचारतंय. आणि 'हाव' म्हणजे हो.

आता टिप्स. सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे, पिऊ नका, आत उतरू नका. हे अभयारण्य आहे, अंधाराआधी वर या. उन्हाळ्यात सकाळीच जा, पाण्याच्या बाटल्या जास्तच घ्या. उतरताना मजा येते, परीक्षा चढताना असते.

एका मे महिन्यात माझी पुण्याची मैत्रीण अर्ध्या चढावर गप्प झाली. विचारलं की एकच उत्तर, 'आय अ‍ॅम फाइन.' मीही ऐकून पुढे चालत राहिले. दर्शनाला आलेल्या एका आजींनी मात्र तिचा चेहरा पाहिला. "काऊन व माय, चक्कर येऊन रायली का?"

आता कुठे ती पुटपुटली, "हाव."

आजींनी तिला सावलीत बसवलं, ओला पदर कपाळावर ठेवला. ती सावरली. मी मात्र अजून शरमते.

बाकी शब्द विसरलात तरी चालेल. 'हाव' वेळेवर म्हणा.