हस्तिदंताची साक्ष आणि कायदा

हत्तीचे खावयाचे दांत निराळे आणि दाखवावयाचे निराळे, ही म्हण आपण ढोंगी मनुष्यास उद्देशून वापरतों. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीनें ती अक्षरशः खरी आहे. हत्तीचे सुळे म्हणजे त्याच्या वरच्या जबड्यांतील पटाशीचे दांत होत. ते जन्मभर वाढत राहतात आणि त्यांचा सुमारें एक तृतीयांश भाग कवटीच्या आंत रुतलेला असतो. यामुळेंच चोरटा शिकारी सुळ्याबरोबर हत्तीचा प्राणही घेतो. विद्यार्थिमित्रांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील वाद समजण्यास सोपा जाईल.

१९७९ च्या सुमारास आफ्रिका खंडांत अदमासें १३ लक्ष हत्ती होते. दहा वर्षांनंतर ते सहा लक्षांच्या आसपास उरले. तेव्हां १९८९ सालीं अनेक राष्ट्रांनीं एकत्र येऊन आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरविला. आपल्याकडे वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व १९९१ सालीं आफ्रिकेंतून आणलेल्या हस्तिदंताचाही व्यापार निषिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकांत झांजिबारकडील हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरीं उतरे व तेथून लंडनला रवाना होई, हें स्मरलें म्हणजे हा पालट केवढा मोठा आहे तें कळेल.

पण व्यापारी बुद्धीला पळवाट शोधावयास वेळ लागत नाहीं. सैबेरियाच्या कायम गोठलेल्या भूमींत मॅमथ नांवाच्या केसाळ हत्तीचे सुळे सांपडतात. हा प्राणी केव्हांच नामशेष झाला. त्याचे शेवटचे कळप रँगेल बेटावर सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपर्यंत तग धरून होते. मेलेल्यास पुन्हां मारतां येत नाहीं, म्हणून त्याच्या सुळ्यांचा व्यापार पुष्कळ देशांत मोकळा राहिला. मग काय, काल मारलेल्या हत्तीच्या सुळ्यावर मॅमथची चिठ्ठी डकवावी कीं काम झालें!

हे दोन सुळे ओळखावे कसे? दोहोंचेंही द्रव्य एकच, डेंटिन. म्हणजे चुना व स्फुरद यांच्या संयोगानें झालेले सूक्ष्म स्फटिक आणि त्यांना सांधून धरणारें कोलॅजेन नांवाचें प्रथिन. पाणघोडा, वॉलरस, देवमासा यांचे दांतही मूलतः ह्याच द्रव्याचे. गेंड्याचें शिंग मात्र आपल्या नखांच्या जातीचें असल्यामुळें तें चटकन निराळें पडतें. त्यांतून मॅमथ हा आशियाई हत्तीचा अगदीं जवळचा भाऊबंद. आफ्रिकी हत्तीपेक्षां आपल्या हत्तीशींच त्याचें नातें अधिक निकट आहे. सुळ्याचा आडवा छेद घासून गुळगुळीत केला तर त्यांत एकमेकींस छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. सुळ्याच्या बाहेरील अंगास या रेषांमधील कोन ९० अंशांहून लहान असल्यास तो मॅमथ, ११५ अंशांहून मोठा असल्यास हत्ती. मधले कोन मात्र दोघांतही आढळतात. शिवाय सुळ्याचे मणी, बांगड्या व बारीक कोरीव मूर्ति झाल्या म्हणजे मोजावयास रेषाच पुरेशा उरत नाहींत. किरणोत्सर्गी कार्बनाची परीक्षा अधिक पक्की आहे, पण तिला वस्तूचा तुकडा काढावा लागतो, वेळ लागतो आणि पैसाही.

येथें आपल्या देशाचें एक ऋण जगास उपयोगी पडलें आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाचा एक नवा धर्म दिसून आला. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश पाडला असतां विखुरणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग किंचित् बदलून येतो, आणि हा बदल पदार्थांतील अणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. जणूं प्रत्येक द्रव्य आपली सहीच करून देतें. स्फुरदयुक्त स्फटिकांची सही निराळी, कोलॅजेनची निराळी. हजारों वर्षें भूमींत पडून राहिलेल्या दांताचें प्रथिन झिजतें, स्फटिकांतही फरक पडतो, आणि हें सारें सहींत उमटतें. २०२४ सालीं ब्रिस्टल व लँकेस्टर येथील संशोधकांनीं याच रीतीनें मॅमथचा व हत्तीचा दांत वेगळा ओळखतां येतो असें प्रसिद्ध केलें. वस्तूस ओरखडाही पडत नाहीं, हा या रीतीचा विशेष.

आतां प्रश्न असा कीं, ओळख पटते तर मॅमथचा व्यापार आपल्याकडेही मोकळा कां करूं नये? हा प्रश्न पोकळ नव्हे. २००३ सालीं तो आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. मॅमथ हा नामशेष प्राणी, त्याचा दांत आमच्या कायद्याच्या कक्षेंत येतच नाहीं, असें व्यापाऱ्यांचें म्हणणें. न्यायालयानें तें मानलें नाहीं. आयात केलेल्या सर्वच हस्तिदंतास बंदी लागू आहे, नाहींतर मॅमथच्या आडून हत्तीचाच दांत विकला जाईल, असा त्या निर्णयाचा आशय होता.

आमच्या मतें तो निर्णय तेव्हां योग्य होता आणि नवें यंत्र आल्यावरही योग्यच आहे. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या कोरीव कामांत गेल्या त्या कारागिरांची उपजीविका गेली, ही हानि खरी आहे. तिला उडवून लावणें अन्यायाचें होईल. त्यांना लांकूड, शिंपला, हाड यांवर हात चालविण्यास साह्य मिळालें पाहिजे. परंतु यंत्र केवळ समोर ठेविलेल्या तुकड्याविषयीं बोलतें. पेटींतील शंभर मण्यांपैकीं कोणता मणी समोर ठेवावयाचा हें विकणारा ठरवितो, आणि बंदरावरील अधिकाऱ्यापाशीं प्रत्येक मण्यास पुरेल इतका वेळ नसतो. दुसरें असें कीं, दुकानांत एक पांढरी बांगडी प्रतिष्ठेनें विकली गेली म्हणजे दहाजणांस तिची हांव सुटते. त्या हांवेला मॅमथ आणि हत्ती यांतील भेद कळत नाहीं. शलमोन राजाचें हस्तिदंती सिंहासन पवित्र शास्त्रांत वैभवाचें चिन्ह म्हणून येतें, पण त्याच शास्त्रांत आमोस संदेष्टा हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांची हजेरी घेतो, हेंही आपल्या मुलांनीं वाचलेलें आहे.

मग रामन यांची रीति आपल्या उपयोगाची नाहीं काय? फार आहे, पण निराळ्या ठिकाणीं. जेथें मॅमथचा व्यापार चालू आहे त्या देशांनीं, ज्याला माल विकावयाचा आहे त्याच्याच खर्चानें, प्रत्येक वस्तूची अशी परीक्षा सक्तीची करावी. आपल्याकडे जप्त केलेली वस्तु हस्तिदंत आहे, हाड आहे, कीं प्लॅस्टिक, हें आधीं न्यायालयांत शाबीत करावें लागतें. प्लॅस्टिकमध्यें स्फुरदाच्या स्फटिकांची सही मुळींच नसते, त्यामुळें तें कांहीं क्षणांतच उघडें पडतें. हाड व दांत यांत अधिक बारकाईनें पाहावें लागतें; त्यासाठीं खात्रीच्या नमुन्यांच्या सह्या आधीं जमवून ठेवाव्या लागतात. असे नमुने आपल्या वनखात्यांच्या कोठारांत जप्तीच्या रूपानें पडून आहेत, आणि ते मोजून नोंदविण्याचें काम महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस खुशाल सोंपवितां येईल.