विश्लेषण : मोबाइलमधली डायरी पुसली जाते तेव्हा… ‘युअर नेम’ अजूनही का रडवतो?

डोंगरातल्या गावातली एक शाळकरी मुलगी सकाळी टोकियोतल्या मुलाच्या शरीरात जागी होते आणि तो मुलगा तिच्या. ‘युअर नेम’ची गोष्ट एवढीच ऐकली तर दोन घटका करमणूक करणारा अदलाबदलीचा मामला वाटेल. पण माकोतो शिंकाई दिग्दर्शित हा अॅनिमेशनपट ऑगस्ट २०१६ मध्ये जपानमध्ये लागला आणि तिथे त्याने २,५०० कोटी येनहून अधिक गल्ला जमवला. त्या वेळी जपानी चित्रपटांमध्ये त्याच्या पुढे फक्त हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ होता. शिंकाईंचा चाहतावर्ग भारतातही आहे. त्यांचा पुढचा ‘वेदरिंग विथ यू’ २०१९ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत आला, त्यामागे चाहत्यांनी चालवलेली ऑनलाइन याचिका होती.

(पुढे कथेतली कलाटणी उघड केली आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी तो पाहावा.)

कथा काय आहे?

मित्सुहा इतोमोरी या काल्पनिक गावात आजी आणि धाकट्या बहिणीसोबत राहते. आई नाही, वडील गावचे महापौर, पण घरापासून तुटलेले. गावात धड एक कॅफेही नाही. पुढच्या जन्मी टोकियोतला देखणा मुलगा कर, असे ती वैतागून ओरडते. ताकी हा तो टोकियोतला मुलगा. शाळा सुटल्यावर तो इटालियन रेस्तराँमध्ये काम करतो. अदलाबदल सुरू झाल्यावर दोघे एकमेकांच्या मोबाइलमध्ये दिवसभराच्या नोंदी ठेवू लागतात. ती त्याचे पैसे केकवर उडवते, तो तिच्या शाळेतली प्रतिमा बिघडवतो. भांडण, तक्रारी, नियमांची यादी असे सगळे त्या डायरीत चालते.

मग एक दिवस अदलाबदल थांबते. ताकी आठवणीतून काढलेली चित्रे घेऊन गिफू प्रांतातल्या हिदा भागात पोहोचतो, तेव्हा कळते की इतोमोरी तीन वर्षांपूर्वीच नष्ट झाले आहे. तियामात या धूमकेतूचा तुकडा उत्सवाच्या रात्री गावावर कोसळला आणि पाचशेवर माणसे गेली. ताकी पुरावा म्हणून मोबाइल उघडतो. स्क्रीनवरची अक्षरे विस्कटतात आणि एकेक नोंद त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. थोड्या वेळाने मृतांच्या यादीत त्याला मित्सुहाचे नाव सापडते.

पण वर्षांचा फरक कळला कसा नाही?

समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे चघळला गेलेला हा प्रश्न रास्त आहे. तारीख तीच असली तरी तीन वर्षांच्या फरकाने वार बदलतो. हातात मोबाइल, रोजची शाळा, तरी दोघांपैकी कुणाच्याच लक्षात येत नाही? स्वप्नासारखे सगळे पुसट होत जाते, एवढेच उत्तर चित्रपट देतो. तर्काच्या चाळणीतून ते नीट जात नाही, हे मान्यच करायला हवे. तरी ती डायरी पुसली जाते तेव्हा हिशेब मांडायचे भान कुणाला राहात नाही. गेलेल्या माणसाच्या चॅटवर बोट ठेवून थांबलेल्या कुणालाही त्या दृश्यासाठी जपानी संस्कृतीची ओळख लागत नाही.

२०११ शी संबंध काय?

११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत जपानमध्ये १८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. त्यानंतर काही महिन्यांनी शिंकाई मियागी प्रांतात नातोरी शहरातल्या युरिआगे या उद्ध्वस्त किनारी वस्तीत गेले होते. आपण इथले असतो तर, हा तिथे पडलेला प्रश्न पुढे या कथेत उतरल्याचे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे अदलाबदल ही विनोदाची युक्ती म्हणून आलेलीच नाही. मेलेल्या माणसाच्या जागी आपण असतो तर काय, याचे ते शब्दशः रूप आहे.

चित्रपटातला सर्वांत बोचरा तपशील मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मित्सुहाच्या घराण्याकडे देवळाचे विधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दोऱ्यांचे गोफ विणणे, नाचणे, तांदूळ चावून त्याची मद्य आंबवणे. पण जुन्या आगीत कागदपत्रे जळाली आणि विधींचा अर्थ हरवला. उरला तो फक्त आचार. गावाचा तलावही पूर्वीच्या अशाच आघाताने झालेला खड्डा आहे. पूर्वजांनी धोक्याची सूचना ठेवली होती, ती वाचणारे कुणी उरले नव्हते.

जपानमध्ये ही निव्वळ कल्पना नाही. ईशान्येच्या किनाऱ्यावर जुन्या त्सुनामींच्या आठवणीचे दगड उभे आहेत. इवाते प्रांतातल्या आनेयोशी गावात १९३३ च्या त्सुनामीनंतर बसवलेला दगड सांगतो की याच्या खाली घरे बांधू नका. गावाने ते ऐकले. २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली.

प्रेमकथा म्हणून किती सकस?

खरे सांगायचे तर थोडी घाईची. दोघे प्रेमात कधी पडले, हे चित्रपट ‘रॅडविम्प्स’ या बँडच्या एका वेगवान गाण्यात उरकून टाकतो. ती उणीव भरून निघते संधिप्रकाशाच्या दृश्यात. दिवस आणि रात्र यांच्या मधल्या वेळेला इतोमोरीत ‘कातावारे-दोकी’ म्हणतात. ‘कातावारे’ म्हणजे जोडीतला एक, तुटलेला अर्धा भाग. धूमकेतूचा तुकडाही त्यात आला. आपल्या ‘कातरवेळ’ या शब्दाशी त्याचे काही नाते नाही, तरी हुरहुर तीच. त्या काही क्षणांत तीन वर्षांचे अंतर मिटते आणि दोघे पहिल्यांदा समोरासमोर येतात. विसरू नये म्हणून हातावर नाव लिहायचे ठरते. ताकी मित्सुहाच्या तळव्यावर लिहितो, पण नाव नाही. ‘तू आवडतेस’ एवढेच. ती ते वाचते तेव्हा धावता धावता पडलेली असते, गाव वाचवायला निघालेली, आणि त्याचे नाव तिला आठवत नसते.

गाव रिकामे होते, माणसे वाचतात. इथेच चित्रपटावर आक्षेपही आहे आणि तो हलका नाही. ज्यांची माणसे २०११ मध्ये गेली, त्यांना असे मागे जाता आले नाही. झालेले पुसून टाकणारी गोष्ट सांगणे त्यांच्यावर अन्याय करते का? शिंकाईंच्या २०२२ च्या ‘सुझुमे’मध्ये या प्रश्नाची सावली जाणवते. तिथे काल्पनिक धूमकेतू नाही, २०११ चीच त्सुनामी आहे. नायिकेला लहानपणीची डायरी सापडते. ११ मार्चपासूनची पाने तिने काळ्या रंगाने गिरगटून भरली आहेत आणि या वेळी आई परत येत नाही.